उत्तर ध्रुवाचा इंजिनियर आणि हिशेबातून सुटलेली माणसे

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तथागतांचे चरित्र, बाबासाहेबांच्या चळवळीचा इतिहास, धम्मावरील लेख असे बरेच साहित्य वाचायला मिळते. ते असायलाच हवे. परंतु या लेखात आम्ही वाचकांना जरा दूर, थेट अमेरिकेत आणि तिथून बर्फाळ उत्तर ध्रुवाकडे नेणार आहोत. रॉबर्ट पिअरी नावाच्या एका सिव्हिल इंजिनियर आणि नौदल अधिकाऱ्याच्या जीवनाचा हा धावता आढावा आहे. "याचा आणि आपल्या विहाराचा काय संबंध?" असे कुणी विचारील. संबंध आहे. इतिहास कोण घडवतो आणि पुस्तकात नाव कुणाचे लागते, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. तोच प्रश्न या इंजिनियरच्या जीवनात पानोपानी उभा राहतो.

विधवेचा मुलगा

रॉबर्ट एडविन पिअरी यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात क्रेसन या गावी झाला. ते तीन वर्षांचे असतानाच वडील वारले. आई एकुलत्या एक लेकराला घेऊन आपल्या माहेरच्या मेन या थंड प्रदेशात परतली आणि तिथेच तिने त्यांना वाढवले. पिअरी यांनी बोडन कॉलेजातून १८७७ साली सिव्हिल इंजिनियरिंगचे शिक्षण पूर्ण केले. सुरुवातीला एका लहान गावात जमिनीच्या मोजणीची कामे केली. मग वॉशिंग्टनला समुद्रकिनाऱ्यांची मोजणी करणाऱ्या सरकारी खात्यात नकाशे काढण्याची नोकरी धरली. पोरगा हुशार होता, कष्टाळू होता, आणि आपले नाव जगात झाले पाहिजे ही इच्छा त्याच्या मनात लहानपणापासून घर करून होती. ही इच्छा ध्यानात ठेवा, पुढे तिचे काय काय झाले ते आपण पाहणारच आहोत.

२६ ऑक्टोबर १८८१ रोजी पिअरी अमेरिकेच्या नौदलात सिव्हिल इंजिनियर म्हणून दाखल झाले. नौदलात सिव्हिल इंजिनियरचे काय काम, असे वाटेल. पण आरमार नुसत्या जहाजांवर चालत नाही. धक्के बांधावे लागतात, गोद्या बांधाव्या लागतात, किनाऱ्यावरच्या इमारती लागतात. ही कामे करणाऱ्या अधिकाऱ्यांची स्वतंत्र शाखा होती. त्यांना हुद्दा मिळे, गणवेश मिळे; पण जहाजावर हुकूम चालवणारे अधिकारी त्यांना आपल्या बरोबरीचे मानायला सहसा राजी नसत. म्हणजे बघा, उच्चनीचतेची पायरी तिथेही होतीच, आणि पिअरी यांना तिची झळ लागली होती.

त्या काळी अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर जोडणारा कालवा मध्य अमेरिकेतून काढायचा विचार चालू होता. निकाराग्वा देशातून तो नेता येईल का, हे पाहण्यासाठी नौदलातील इंजिनियर मेनोकाल यांच्या हाताखाली पिअरी १८८४-८५ साली तिथल्या जंगलात गेले. १८८७-८८ च्या दुसऱ्या मोजणीत तर पथकाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. दलदल, डास, कमरेइतके पाणी, आणि त्यातून साखळी धरून मोजणी! कालवा पुढे निकाराग्वातून झालाच नाही. तो पनामातून काढला गेला आणि १९१४ साली खुला झाला. परंतु शेकडो माणसांचे अन्न, सामान आणि वाहतूक यांचा हिशेब कसा बसवायचा, हे पिअरी या कामात शिकले.

टोपीच्या दुकानातील भेट

या दुसऱ्या निकाराग्वा मोहिमेच्या आधी, १८८७ साली, पिअरी वॉशिंग्टनमधील एका टोप्यांच्या दुकानात उन्हाची टोपी घ्यायला गेले. त्या दुकानात मॅथ्यू हेन्सन नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय नोकर होता. पिअरी यांनी त्याला आपला खाजगी गडी म्हणून मोहिमेवर नेले.

हे हेन्सन कोण? त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १८६६ चा, मेरीलँड राज्यातला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८६५ साली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबणारे. दोघेही लवकर गेले आणि पोरगे पोरके झाले. साधारण बाराव्या वर्षी ते बाल्टिमोर बंदरात एका जहाजावर पोऱ्या म्हणून लागले. त्या जहाजाचे कप्तान चाइल्ड्स हे भले गृहस्थ होते. त्यांनी या मुलाला लिहायला-वाचायला शिकवले, जहाजावरचे काम शिकवले. शिक्षणाने माणसाचे काय होते ते इथे दिसते. सुतारकाम, शिवणकाम, स्वयंपाक, दोरखंडाची कामे, सगळे हाताला आलेले. आणि चीन-जपानपर्यंतची बंदरे पाहिलेली. टोपीच्या दुकानात उभा असलेला हा काही साधासुधा नोकर नव्हता.

निकाराग्वाच्या जंगलात पिअरी यांनी त्यांची लायकी ओळखली. त्यानंतर १८९१ पासून १९०९ पर्यंत ध्रुवप्रदेशातल्या मोहिमांत हेन्सन त्यांच्या सोबत राहिले. दोघांचा सहवास बावीस वर्षांचा.

ग्रीनलंडची शाळा

पिअरी यांनी १८८६ साली रजा काढून ग्रीनलंडची पहिली सफर केली होती. १८९१ साली ते पत्नी जोसेफिन, हेन्सन आणि इतर साथीदारांसह पुन्हा निघाले. जहाजावरच सुकाणूच्या दांड्याचा फटका बसून त्यांचा पाय मोडला. तो डॉ. फ्रेडरिक कुक यांनी बसवला. (हेच कुक पुढे त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी झाले.) पाय बरा होताच १८९२ च्या उन्हाळ्यात पिअरी आणि आस्त्रुप नावाचा नॉर्वेजियन तरुण उत्तर ग्रीनलंडचे बर्फाचे पठार ओलांडून पलीकडच्या टोकाला पोहोचले. हे धाडस नाकारता येणार नाही.

परंतु या थंडीत जगायचे कसे, हे पिअरी यांना कोणी शिकवले? तिथल्या इन्युइट लोकांनी, ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणत. बर्फाच्या ठोकळ्यांचे घर कसे रचायचे, कातड्याचे कपडे कसे वापरायचे, कुत्र्यांच्या बिनचाकी गाड्या म्हणजे स्लेज कशा हाकायच्या, ही विद्या त्यांची. शेकडो वर्षे ते तिथे राहत होते. आधीचे कित्येक गोरे प्रवासी या लोकांना रानटी समजून आपलेच लोकरी कपडे आणि तंबू घेऊन गेले आणि त्यांचे हाल झाले. पिअरी यांचा मोठेपणा हा, की त्यांनी ही विद्या घेतली. आणि त्यांच्या सगळ्या माणसांत ती सर्वात चांगली आत्मसात केली हेन्सन यांनी. ते इन्युइट भाषा अस्खलित बोलत, स्लेज स्वतः बनवत, कुत्री त्यांच्यासारखीच हाकत. इन्युइट लोक त्यांना प्रेमाने 'मारी-पालुक' म्हणत.

१८९९ च्या जानेवारीत, काळोख्या हिवाळ्यात, पिअरी यांचे पाय हिमदंशाने गारठून गेले. हेन्सन यांनी त्यांचे बूट कापून काढले. पायांची आठ बोटे गेली. त्यानंतर पिअरी यांना नीट चालणेही कठीण होते. तरी माणसाने ध्यास सोडला नाही, याला जिद्दच म्हणावे लागेल.

लोखंड आणि माणसे

आता या चरित्राची काळी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रीनलंडच्या केप यॉर्क भागात आकाशातून पडलेल्या लोखंडी उल्का होत्या. इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यातून लोखंड काढून सुऱ्या आणि भाल्यांची टोके करत. पिअरी यांनी त्या उल्का उचलून न्यूयॉर्कला नेल्या. सर्वात मोठी सुमारे ३१ टनांची होती. ती १८९७ साली जहाजावर चढवली. इंजिनियर म्हणून कमालच! पण त्या न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला विकल्या गेल्या, किंमत आली ४०,००० डॉलर.

त्याच जहाजातून सहा इन्युइट माणसेही आणली गेली. संग्रहालयात त्यांना ठेवले, पाहायला लोकांची झुंबड उडाली. शहरातल्या रोगांची त्यांना सवय नव्हती. थोड्याच महिन्यांत चौघे दगावले. त्यांत किसुक नावाचा एक बाप होता. त्याचा लहान मुलगा मिनिक मागे राहिला. मुलाच्या समाधानासाठी दफनविधी केला, पण तो खोटा होता. बापाची हाडे संग्रहालयातच ठेवली होती. मोठा झाल्यावर मिनिकला हे कळले, त्याने हाडे मागितली, ती मिळाली नाहीत. १९१८ च्या साथीत तोही गेला. ती चार माणसे आपल्या मातीत पोहोचली १९९३ साली. तिथल्या कानाक गावी त्यांचे दफन झाले.

६ एप्रिल १९०९

उत्तर ध्रुवावर जमीन नाही, गोठलेला समुद्र आहे. बर्फ सरकतो, फाटतो, मध्ये पाणी उघडे पडते. पिअरी यांनी हा प्रश्न कालव्यासारखाच हिशेबाने सोडवायचे ठरवले. पुढच्या तुकड्यांनी वाट करायची, सामान टाकायचे आणि मागे फिरायचे. शेवटची ताजी तुकडी ध्रुव गाठणार. माणशी दिवसाला एक पौंड पेमिकन (सुके मांस आणि चरबी), एक पौंड बिस्किट, चार औंस आटवलेले दूध, अर्धा औंस चहा. औंसाऔंसाचा हिशेब!

जुलै १९०८ मध्ये 'रूझवेल्ट' जहाज न्यूयॉर्कहून निघाले. ग्रीनलंडहून ४९ इन्युइट स्त्री-पुरुष-मुले आणि २४६ कुत्री घेतली. जहाजावर बसून इन्युइट बायांनी कातडी मऊ केली आणि सगळ्यांचे कपडे शिवले. ते कपडे नसते, तर एकही माणूस चार दिवस टिकला नसता. मार्च १९०९ मध्ये केप कोलंबियाहून बर्फावरून कूच झाले : २४ माणसे, १९ स्लेज, १३३ कुत्री. एकेक तुकडी परतत गेली. १ एप्रिलला कप्तान बार्टलेट यांनाही मागे पाठवले. शेवटी उरले सहा जण : पिअरी, हेन्सन, आणि ऊता, एगिंग्वा, सीग्लू, ऊक्वेआ हे चार इन्युइट. ६ एप्रिल १९०९ रोजी आपण ध्रुवावर पोहोचलो, असे पिअरी यांनी जाहीर केले.

शेवटच्या टप्प्यात पिअरी बराच प्रवास स्लेजवर बसून करत होते. वाट फोडत पुढे असत हेन्सन आणि इन्युइट. आपणच आधी तिथे पोहोचलो होतो, असे हेन्सन यांनी पुढे सांगितले. त्यानंतर पिअरी त्यांच्याशी धड बोलले नाहीत, हेही त्यांनीच सांगितले.

आणि बार्टलेटना परत पाठवून हेन्सनना का नेले? याचे उत्तर पिअरी यांनी आपल्या पुस्तकात दिले आहे. हेन्सनइतका स्लेज हाकणारा गोऱ्यांत कुणी नव्हता, हे ते मान्य करतात. पण पुढे जोडतात, की स्वतःच्या जोरावर तुकडी सुखरूप परत नेण्याचे धाडस आणि पुढाकार त्यांच्या वंशात नाही, म्हणून एकट्याला मागे पाठवता आले नसते! वाचकहो, ज्या माणसाने अठरा वर्षे बर्फात यांना जगवले, त्याच्याविषयी हे लिहिले गेले. जन्मावरून गुण ठरवण्याची ही रीत आपल्याला कुणी नव्याने समजावून सांगायला नको.

पारखून घ्यावे

पिअरी खरोखर ध्रुवावर पोहोचले का? परतल्यावर कळले, की डॉ. कुक यांनी २१ एप्रिल १९०८ लाच ध्रुव गाठल्याचा दावा केला आहे. मोठा वाद झाला. कुक यांचा दावा टिकला नाही. पिअरी यांचा नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने मानला. १९११ साली अमेरिकन संसदेने त्यांचे आभार मानून रिअर अॅडमिरलचा हुद्दा आणि निवृत्तिवेतन दिले. धक्के बांधणारा इंजिनियर अॅडमिरल झाला.

पण शंका राहिल्याच. बार्टलेट मागे फिरल्यावर सूर्याचे कोन घेऊन पिअरींचे मोजमाप स्वतंत्रपणे तपासणारा कुणी सोबत नव्हता. वाटेत रेखांशाच्या नोंदी घेतलेल्या नाहीत. बार्टलेट परतेपर्यंत जो वेग होता, त्याच्या दुपटीच्या आसपास वेग नंतर एकाएकी दाखवला आहे. १९८९ साली ध्रुवप्रवासी वॉली हर्बर्ट यांनी पिअरी यांची कागदपत्रे तपासून ते बहुधा ध्रुवापर्यंत पोहोचले नसावेत असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासगटाने ते पोहोचले असे म्हटले. बर्फावरून ध्रुव गाठल्याचा पहिला निर्विवाद मान १९६८ साली राल्फ प्लेस्टेड यांच्या तुकडीकडे जातो.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण विहारात अनेकदा ऐकले आहे. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून नव्हे, ग्रंथात लिहिले म्हणून नव्हे. स्वतः पारखून घ्यावे. अॅडमिरलचा शब्दही याला अपवाद नाही. आणि हेन्सन आपले आहेत असे वाटते म्हणून त्यांच्या बाजूचा दावाही डोळे मिटून घेऊ नये. ध्रुव बरोबर पायाखाली होता की काही मैल दूर, हे वादात आहे. पण त्या बर्फावर सहा माणसे होती, हे कुणीही नाकारत नाही. मग सहांपैकी एकच नाव का उरले?

मानसन्मान कुणाला, चाकरी कुणाला

पिअरी २० फेब्रुवारी १९२० रोजी वारले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्यावर पृथ्वीच्या गोलाचे स्मारक उभे राहिले. हेन्सन मात्र परतल्यावर कामाच्या शोधात फिरत होते. १९१२ साली त्यांनी आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. १९१३ साली राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या आदेशाने न्यूयॉर्कच्या कस्टम हाऊसमध्ये निरोप्याची नोकरी मिळाली. तिथेच कारकून होऊन १९३६ साली ते निवृत्त झाले. न्यूयॉर्कच्या एक्सप्लोरर्स क्लबने त्यांना सभासद करून घेतले १९३७ साली, म्हणजे मोहिमेनंतर २८ वर्षांनी. ९ मार्च १९५५ रोजी ते वारले आणि साध्या कबरीत पुरले गेले.

पुढे हार्वर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय प्राध्यापक अॅलन काउंटर यांनी हा विषय हाती घेतला. ते ग्रीनलंडला गेले. तिथे त्यांना ऐंशीच्या घरातले दोन म्हातारे भेटले. एक हेन्सन यांचा मुलगा अनाउकाक, दुसरा पिअरी यांचा मुलगा काली. दोघांच्या आया इन्युइट. बापांनी पुन्हा तोंड दाखवले नव्हते. हे म्हणणे दोघांनाही लागू आहे, हेन्सन यांनाही, ते लपवायचे कारण नाही. १९८७ साली त्या दोघांनी बापांचा देश पाहिला. काउंटर यांच्या प्रयत्नाने ६ एप्रिल १९८८ रोजी, बरोबर ७९ वर्षांनी, हेन्सन यांचे अवशेष आर्लिंग्टनला पिअरी यांच्या जवळ सन्मानाने पुरण्यात आले. २००० साली नॅशनल जिऑग्राफिकने आपले हबर्ड पदक हेन्सन यांना मरणोत्तर दिले; पिअरी यांना ते १९०६ सालीच मिळाले होते. २०२१ साली चंद्रावरच्या एका विवराला हेन्सन यांचे नाव देण्यात आले.

त्याच शहरात बाबासाहेब

आता १९१३ हे साल पुन्हा पाहा. हेन्सन यांना कस्टम हाऊसची नोकरी लागली त्याच वर्षी, जुलै महिन्यात, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला कस्टम हाऊस, आणि वरच्या अंगाला कोलंबिया विद्यापीठ. एकाच बेटावर, एकाच काळात, एक जण आपल्या कर्तृत्वाची नोंद होत नाही हे सोसत फायली उचलत होता. दुसरा त्याच मोठ्या प्रश्नाचे मूळ शोधत होता. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी तिथे जातिव्यवस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला.

त्याच्याही आधी, १८७३ साली, महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. हेन्सन तेव्हा सात वर्षांचे होते. पुण्यात बसून जोतीरावांनी सातासमुद्रापलीकडच्या त्या पोरांचे दुःख आपल्या दुःखाशी जोडले. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, त्यातही हाच धागा आहे. म्हणूनच हेन्सन यांची कथा आम्हाला परकी वाटत नाही.

बोध काय घ्यावा

पिअरी वाईट आणि हेन्सन चांगले, एवढे सांगून आम्हाला थांबायचे नाही. पिअरी यांची जिद्द, शिस्त, दुसऱ्यांची विद्या घेण्याची तयारी आपल्या मुलांनी जरूर घ्यावी. आज आपल्या वस्तीतली कितीतरी मुले-मुली इंजिनियरिंगला जातात, ही बाबासाहेबांच्या संघर्षाची फळे आहेत. त्यांना एवढेच सांगणे : पुलावर, धरणावर, इमारतीवर तुम्ही साहेब म्हणून उभे राहाल, तेव्हा सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब चोख ठेवा. पण पाटी वाहणाऱ्या बाईचा, खड्डा खणणाऱ्या माणसाचा हिशेबही तितकाच चोख असू द्या. पिअरी यांचा अर्ध्या औंस चहाचा हिशेब चुकला नाही, माणसांचा मात्र चुकला.

आणि हे विहारापासूनच सुरू व्हावे. कोनशिलेवर उद्घाटकांचे नाव असते, स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते, ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला विहारांच्या बांधकामात ज्यांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहिल्या, रेती चाळली, ज्या माताभगिनींनी पाणी आणले आणि श्रमदान करणाऱ्यांना भाकरी घातली, त्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत. जुनी माणसे एकेक करून जात आहेत. तरुणांनी त्यांच्याजवळ बसावे, विचारावे, तारीख-सालासह उतरवून घ्यावे, आणि लिहिलेले दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावे. हेन्सन यांच्या नावाला आर्लिंग्टन गाठायला ७९ वर्षे लागली. आपल्या माणसांच्या नावांना एवढी वाट पाहायला लागू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!